घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे: स्लीप ॲप्नियाचा मेंदूवर काय परिणाम होतो?

"आमच्या ह्यांचं काय, उशीला डोकं टेकलं की घोरायला सुरुवात!" हे वाक्य बहुतेक घरांत कौतुकानं किंवा वैतागून बोललं जातं. घोरणारा माणूस गाढ झोपलाय, असाच आपला समज असतो. पण घोरण्याचा आवाज मध्येच एकदम बंद होत असेल, काही सेकंद सगळं शांत राहत असेल आणि मग गचका बसल्यासारखा श्वास परत सुरू होत असेल, तर ती गाढ झोप नाही. त्या काही सेकंदांत श्वास अडलेला असतो. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं. त्या वेळी डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि अनेकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. हृदय आणि रक्तदाबावरचे याचे परिणाम आता बऱ्यापैकी माहीत झाले आहेत. मेंदूवर होणाऱ्या परिणामांची चर्चा मात्र कमी होते. विसर पडणं, चिडचिड, कामात लक्ष न लागणं या तक्रारी "वय झालं", "टेन्शन आहे" म्हणून सोडून दिल्या जातात. त्यांच्यामागे कधी कधी रात्रीचा अडलेला श्वास असतो, आणि त्यावर इलाज आहे.

स्लीप ॲप्निया म्हणजे नक्की काय?

झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात. घशातले स्नायूही सैल होतात. टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचा मागचा भाग मागे सरकतो. काहींचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, मानेभोवती चरबी असते, टॉन्सिल मोठे असतात किंवा खालचा जबडा मागे असतो. अशांचा मार्ग झोपेत अर्धा किंवा पूर्ण बंद होतो. छाती-पोट श्वास घ्यायची धडपड करतात, पण हवा आत जात नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तो पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर हायपोप्निया. तासाला हे एकूण किती वेळा घडतं, तो आकडा म्हणजे एएचआय. रिपोर्टवर तो असा वाचतात:

- ५ पेक्षा कमी: सामान्य
- ५ ते १५: सौम्य
- १५ ते ३०: मध्यम
- ३० पेक्षा जास्त: तीव्र

एएचआय ३० असलेला माणूस सात तास झोपला, तर रात्रीत २१० वेळा त्याचा श्वास अडतो. प्रत्येक वेळी नुसते १० सेकंद धरले तरी ३५ मिनिटं होतात. आणि सकाळी त्याला विचारलं तर तो सांगतो, "मी तर छान झोपलो होतो."

दुसरा एक, कमी आढळणारा प्रकार म्हणजे सेंट्रल स्लीप ॲप्निया. त्यात घसा बंद होत नाही. मेंदूकडून श्वास घ्यायचा आदेशच काही काळ जात नाही. हृदय कमकुवत झालेल्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या काही रुग्णांत तो दिसतो.

आपल्याकडे किती लोकांना?

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातल्या पुरुषांची पाहणी केली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला. त्यासोबत दिवसा पेंग येण्याचीही तक्रार असलेले ७.५ टक्के होते.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजानुसार कमावत्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार असावा, आणि त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम किंवा तीव्र गटात मोडतात.

लठ्ठपणा हे मोठं कारण आहे, पण हा फक्त जाड माणसांचा आजार नाही. जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसालाही होतो. पुरुषांत प्रमाण जास्त आहे. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर ते वाढतं. त्यांची लक्षणंही वेगळी असू शकतात: झोप न लागणं, सकाळी डोकं दुखणं, सततचा थकवा. "बायका कुठे घोरतात?" या समजुतीमुळे त्यांची तपासणी आणखी मागे पडते.

रात्रभर मेंदूत काय चालतं?

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदूला धोका कळतो आणि तो झोपेतून क्षणभर वर येतो. घशाचे स्नायू ताठ होतात, गचका बसतो, श्वास सुरू होतो, पुन्हा डोळा लागतो. हे जागं होणं इतकं थोडं असतं की ते लक्षात राहत नाही. पण झोपेची वीण दर वेळी उसवते. यातून मेंदूवर तीन बाजूंनी ताण येतो.

पहिला, ऑक्सिजनचा चढउतार. पातळी रात्रभर खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. या सततच्या हेलकाव्यांनी पेशींवर ताण येतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. मेंदूला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे ही झळ त्याला जास्त बसते.

दुसरा, मोडलेली झोप. दिवसभरात शिकलेलं, पाहिलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. त्यासाठी गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, दोन्ही लागतात. आरईएम झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो.

तिसरा, रक्तदाब. प्रत्येक गचक्यासरशी ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं सुटतात आणि रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री थोडा उतरतो. यांना ती विश्रांती मिळत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी हे वाईट.

आणखी एक दुवा वैज्ञानिक तपासत आहेत. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला २०१३ मध्ये उंदरांत असं आढळलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि अमायलॉइडसारखा कचरा लवकर वाहून जातो. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन ते हेच. मात्र २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांतच याच्या उलट निकाल मिळाला. "झोपेत मेंदू धुतला जातो" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, पण हा विषय अजून मिटलेला नाही.

दिवसा काय दिसतं?

- पेपर वाचताना, टीव्हीसमोर, बसमध्ये पेंग येणं
- बोलता बोलता शब्द न आठवणं, वस्तू ठेवल्याची जागा विसरणं
- हिशेब, नियोजन, एका वेळी दोन कामं यांत गोंधळ
- चिडचिड, उदासपणा, कशातच रस न वाटणं
- सकाळी उठल्यावर तोंड कोरडं, डोकं जड
- रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं

शेवटचं लक्षण प्रोस्टेटच्या किंवा साखरेच्या खात्यात टाकलं जातं. तेही कारण असू शकतं, पण श्वास अडल्यानं हृदयावर ताण येऊन रात्री लघवी वाढते, हेही खरं आहे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी यात थेट जिवाचा प्रश्न आहे. रात्रीचा चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाट, नाहीतर पुणे-बेंगळुरू महामार्गाचा सरळ रस्ता. स्टिअरिंगवर दोन सेकंद डोळा मिटला तरी पुरे. ट्रक, बस, टॅक्सी चालवणारे, रात्रपाळी करणारे यांनी दिवसाची पेंग अंगावर काढू नये.

स्मृतिभ्रंश होतो का? पुरावा काय सांगतो

इथे नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण भीती घालणारे मथळे पुष्कळ आहेत.

संबंध आहे, हे अनेक अभ्यासांत दिसलं. क्रिस्टीन याफे यांच्या गटाचा २०११ चा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध आहे. सरासरी ८२ वर्षांच्या, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या २९८ महिलांची झोप तपासली आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांची बुद्धी तपासली. झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी ४४.८ टक्के महिलांत सौम्य बौद्धिक घट किंवा स्मृतिभ्रंश दिसला, इतरांमध्ये ३१.१ टक्के. या वाढलेल्या धोक्याचा संबंध झोप मोडण्यापेक्षा ऑक्सिजनच्या कमतरतेशी जास्त होता.

इटलीतल्या मिलानच्या संशोधकांनी त्याच वर्षी १७ रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय प्रसिद्ध केले. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पससह काही भागांत करडा द्रव्यभाग कमी झाला होता. तीन महिने मशीनचा उपचार नीट घेतल्यावर यातल्या काही भागांत सुधारणा दिसली, चाचण्यांतले गुणही वाढले. रुग्ण थोडे होते, पण झालेलं नुकसान काही प्रमाणात भरून येऊ शकतं याची ही आशादायक खूण आहे.

मग उपचारानं स्मृतिभ्रंश टळतो का? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ५० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२१ मध्ये आलेल्या या अभ्यासात, उपचार घेणाऱ्यांत अल्झायमरचं निदान होण्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसली. पण जो माणूस रोज रात्री मास्क लावतो, तो गोळ्याही वेळेवर घेतो, फिरायलाही जातो. त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देता येत नाही. हजारावर रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून केलेल्या 'ॲपल्स' या चाचणीत सहा महिन्यांनी दिवसाची पेंग कमी झाली, पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मोठा फरक पडला नाही. स्मृतिभ्रंशासारख्या वर्षानुवर्षं वाढणाऱ्या आजारासाठी सहा महिने हा काळ फार लहान, हेही खरं.

लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. त्यांत स्लीप ॲप्निया नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, नैराश्य ही आहेत, आणि स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत ती वारंवार सापडतात.

सारांश असा: स्लीप ॲप्निया झाला म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश होणारच, असं नाही. धोका वाढतो असं दिसतं. उपचारानं पेंग कमी होते आणि दिवस सुधारतो, हे नक्की. आणि ज्या घरात आई-वडिलांना विसर पडू लागलाय, तिथे बी-१२, थायरॉइड, नैराश्य, चालू गोळ्या यांच्याबरोबर झोपेतला श्वासही तपासायला हवा. ही दुरुस्त करता येणारी कारणं आहेत. ती न तपासता "म्हातारपण" म्हणून गप्प बसलं, तर सुधारण्याची संधी जाते.

पक्षाघाताचा धोका

इथे पुरावा जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात, इतर कारणं वजा केल्यावरही, स्लीप ॲप्निया असलेल्यांत पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट आढळला. पक्षाघात झालेल्या रुग्णांची तपासणी केली तर निम्म्याहून अधिक जणांत झोपेतला श्वास अडताना दिसतो. २७०० हून अधिक हृदय व मेंदूविकाराच्या रुग्णांवरच्या 'सेव्ह' चाचणीत (२०१६) मात्र मशीनमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. त्यातले रुग्ण सरासरी ३.३ तासच मशीन लावत होते. म्हणून मशीन घेतली तरी रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही.

तोंड वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं.

लहान मुलं घोरत असतील तर

सर्दी नसताना मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, अंथरुणात फार वळवळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. मुलांत बहुतेक वेळा कारण वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड असतं. झोप अपुरी झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही. उलट चळवळं आणि हट्टी होतं. शाळेत ते "दंगेखोर" ठरतं. २०१३ मध्ये अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर लक्ष देण्याच्या चाचण्यांत फार फरक पडला नाही, पण मुलांचं वागणं आणि झोप बरीच सुधारली. शस्त्रक्रिया हवीच का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

घरच्या घरी अंदाज: आठ प्रश्न

जगभरचे डॉक्टर 'स्टॉप-बँग' नावाची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक "हो"ला एक गुण.

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का?
२. दिवसा थकवा, पेंग येते का?
३. झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का?
४. रक्तदाब आहे किंवा त्याची गोळी चालू आहे का?
५. लठ्ठपणा बराच आहे का? (बीएमआय ३५ पेक्षा जास्त)
६. वय ५० पेक्षा जास्त आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण १६ इंचांपेक्षा जास्त आहे का?
८. पुरुष आहात का?

० ते २ गुण म्हणजे धोका कमी, ३-४ मध्यम, ५ किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. तीनच्या पुढे गेलात तर तपासणीचा विचार करावा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्णाला देता येत नाही. ते शेजारी झोपणाऱ्या माणसाकडेच असतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना बायकोनं, नवऱ्यानं किंवा मुलानं सोबत जावं.

तपासणी कशी होते?

पक्कं निदान 'स्लीप स्टडी'नं होतं. रुग्णालयात एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके आणि छातीची हालचाल नोंदवतात. दुखत नाही. अनेकांसाठी घरी लावायचं छोटं यंत्रही चालतं. कोविडच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर झोपायच्या आधी लावून "९८ आहे, म्हणजे ठीक" असं समजू नये. जागेपणी आकडा चांगलाच येतो.

सुरुवात छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे करता येते. विसराची तक्रार ठळक असेल तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावं.

उपचार काय?

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत जातो आणि घशाचा मार्ग उघडा राहतो. हे ऑक्सिजनचं मशीन नाही, आणि त्याची "सवय लागून" फुप्फुसं कमकुवत होत नाहीत.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्रास होतो: मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, गुदमरल्यासारखं वाटतं. अशा वेळी मशीन कपाटात जातं. त्याआधी मास्कचा आकार बदलून बघा, ह्युमिडिफायर लावा, दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क घालून सराव करा. आरईएम झोप पहाटेकडे जास्त असते. रात्री दोन वाजता मास्क काढून ठेवला, तर नेमक्या गरजेच्या तासांत संरक्षण जातं.

इतर उपाय आजाराच्या प्रकारावर ठरतात. सौम्य ते मध्यम आजारात दातांचे डॉक्टर जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. कुणाला शस्त्रक्रिया लागते. वजनाचा परिणाम मोठा आहे: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत १० टक्के वजन कमी झाल्यावर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटला, आणि १० टक्के वाढल्यावर ३२ टक्क्यांनी वाढला. कुशीवर झोपल्यानं काहींना फरक पडतो. रात्रीची दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. आधीपासून चालू असतील तर डॉक्टरांना सांगाव्यात.

दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात जाताना

सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीला जातात, बेळगाव भागातली कोल्हापूर-मिरजेला. बडोदा, इंदूर, हैदराबादच्या मराठी घरांना रोजच दुसऱ्या भाषेत डॉक्टरांशी बोलावं लागतं. काही गोष्टी सोबत असल्या की काम सोपं होतं.

- झोपलेल्या माणसाचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ. अडलेला श्वास आणि गचका कुठल्याही भाषेतल्या डॉक्टरला कळतो.
- घोरण्याला हिंदीत खर्राटे, कन्नडमध्ये गोरके, गुजरातीत नसकोरां, तेलुगूत गुरक म्हणतात. हा एक शब्द माहीत असला तरी बोलणं सुरू होतं.
- चालू गोळ्यांची यादी आणि जुने रिपोर्ट.
- सरकारी आरोग्य योजना राज्यानुसार बदलतात. आपलं कार्ड तिथे चालतं का आणि त्यात स्लीप स्टडी बसते का, हे आधी फोन करून विचारा. केंद्र सरकारच्या सीजीएचएस लाभार्थ्यांना डॉक्टरांच्या शिफारशीनं सीपॅपसाठी तरतूद आहे.
- मशीन कुठेही घ्या, पण मास्क बदलून देणारा, दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गावाजवळ आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. शक्य असेल तर आधी भाड्यानं वापरून पाहा.

स्लीप स्टडीचा रिपोर्ट सांभाळून ठेवा. राज्य बदललं, डॉक्टर बदलले तरी एएचआय आणि ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळी हे दोन आकडे सगळीकडे सारखेच वाचले जातात, आणि पुढच्या वर्षी उपचाराचा किती फायदा झाला हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)